शुक्रवारचा दगड

तुम्हाला एखादा शब्द कळला, हे तुम्ही कशावरून ठरवता? खरं सांगा. ऐकल्यावर मान डोलावलीत म्हणून? मान डोलावणारी माणसं मी सत्तावीस वर्षं बसमध्ये तिकिटं देताना पाहिली आणि पुढचा स्टॉप आपला हे कळूनही चुकीच्या ठिकाणी उतरताना पाहिली. युनियनच्या सभांत तर असे डोलकर ढिगानं. मान डोलावणं म्हणजे कळणं नव्हे.

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या क्लफडेन गावात एक बाई होती. ती मान डोलावणाऱ्याच्या हातात सरळ पेन्सिल द्यायची. "कळलं ना? मग काढ चित्र."

डोरकस हॉर्सफॉल तिचं नाव. टेंटर गल्लीत सतरा नंबरला राहायची. बाराव्या वर्षी कापडगिरणीत लागली, सकाळी माग आणि दुपारी शाळा. शाळा लवकरच सुटली, माग चाळीस वर्षं सुटले नाहीत. नवरा तरुणपणीच गेला, पोटी मूल नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक पोराची ती मावशी. माझी आई गिरणीत तिच्या शेजारच्या मागांवर होती, तेव्हा माझी तर जरा जास्तच मावशी.

गिरणीत मागांचा खडखडाट असा, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून आमच्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज नाही, नुसते ओठ, ताणून, मुडपून. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला कोणाच्या सुनेला दिवस गेलेत ते सांगायची, आणि मधून मालक चाललेला असेल तर त्याच्या नाकासमोर त्याच्या ढेरीची टिंगलही करायची. आम्ही पोरं आयांच्या झग्याला धरून हे वाचायला शिकलो. मावशी म्हणायची, "भाषा काय पंडितच बनवतात होय? आम्ही बायकांनी एक बनवली. तिला अक्षर लागलं नाही, की पुस्तक लागलं नाही."

एस्पेरांतो ही जगभरच्या लोकांसाठी मुद्दाम बनवलेली भाषा तिला पटली ती त्यामुळेच. कुणाच्याच बापाची नसलेली, म्हणून सगळ्यांची भाषा. अर्थात, वर्गात ती पहिल्यांदा गेली ती काही एवढा विचार करून नाही. एकोणीसशे एकतीस साली गिरणीला आठवड्यातून तीनच दिवस काम असायचं, घरी कोळसा पुरायचा नाही, आणि आमच्या सहकारी भांडाराच्या माडीवर गुरुवारी संध्याकाळी वर्ग भरायचा तिथे शेगडी पेटवलेली असायची. "पहिले दोन महिने मी ऊब शिकले," ती सांगायची, "भाषा तिसऱ्या महिन्यात लागली."

मी त्या माडीवर गेलो बावन्न साली, आणि गेलो तो भांडायला. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा, बसवर कंडक्टर, युनियनचा नुकताच झालेला सेक्रेटरी, वाचनालयातली दीड कपाटं एकट्यानं वाचून संपवलेला. माझं मत असं, की कामगाराला नवी भाषा नको, नवा पगार हवा. जिना चढलो, उभा राहिलो आणि दहा मिनिटं भाषण झाडलं. समोर आठ-नऊ माणसं, त्यांत पाच म्हाताऱ्या, सगळी शांतपणे चहा पीत होती. माझं संपल्यावर मावशी त्यांच्या भाषेत एवढंसं काहीतरी बोलली आणि सगळी माडी हसली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"शिकलास की कळेल, नेड."

मला उद्देशून केलेला विनोद मला कळत नाही, हे मी कसं सहन करणार? सहा आठवडे हट्टानं शिकलो. सातव्या गुरुवारी जिन्यातच ते वाक्य डोक्यात उलगडलं: बस केव्हाच सुटली, कंडक्टर अजून घंटाच वाजवतोय.

वर जाऊन मी तिच्यावर खेकसलो. इंग्रजीत. झालं! तिनं पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "बटण."

आमच्या माडीचा तो दंड. तिथे एस्पेरांतो सोडून दुसरा शब्द तोंडातून गेला, की अंगावरच्या कपड्याचं एक बटण तोडून डब्यात टाकायचं. बाकीचे घरून सुटी बटणं आणायचे. मला राग आला की भाषांतर सुचत नाही, आणि राग तर मला जिना चढतानाच यायचा. एका हिवाळ्यात माझ्या कंडक्टरच्या कोटाला दोन बटणं उरली. डेपोचा इन्स्पेक्टर म्हणाला, "हे काय? बायकोशी भांडण?" मी म्हटलं, "नाही साहेब, व्याकरणाशी."

तर मावशीच्या शब्दांची गोष्ट. आमच्या माडीवरच्या जुन्या पुस्तकांत राजदूत होता, ग्रहण होतं, आत्म्याचं अमरत्व होतं. पण कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा त्यांत नव्हता. चहाच्या किटलीवर घालायची लोकरीची टोपी नव्हती. छताला दोरीनं टांगलेली, कपडे वाळवायची खालीवर होणारी चौकट नव्हती. "जगातल्या बायका एकमेकींशी बोलायच्या म्हणजे ग्रहणाबद्दल बोलणार होय?" असं म्हणून मावशीनं रोजच्या इंग्रजी शब्दांचं एस्पेरांतो करायला घेतलं. एका शब्दाला एक पुठ्ठ्याचं कार्ड, आणि सगळी कार्डं बुटांच्या खोक्यांत.

पण नुसता शब्द बनवून ती थांबत नसे. नवा शब्द आणि तो वापरलेली दोन-तीन वाक्यं एका पत्रात लिहायची आणि ज्यानं ती वस्तू कधी पाहिलेली नाही अशा परदेशी मित्राला पाठवायची. इंग्रजीचा एक शब्द नाही. त्यानं वाचायचं आणि जे डोळ्यांसमोर येईल त्याचं चित्र काढून परत पाठवायचं. चित्र बरोबर आलं, की मावशी त्या कार्डाच्या कोपऱ्याला भोक पाडून लाल दोरा ओवायची आणि विणकरणीची गाठ मारायची. लाल दोरा म्हणजे शब्द पास. चुकलं, तर चूक मित्राची नाही, शब्दाची. मोडायचा आणि नवा करायचा.

टपालाची वाट बघण्यात काय मजा होती, ते आज सांगून पटणार नाही. हॉलंडमध्ये हेरिट म्हणून एक कालव्याच्या दारांची उघडझाप करणारा होता. त्यानं किटलीच्या टोपीचं चित्र काढलं ते डोक्यावर टोपी घालून चाललेल्या किटलीचं, खाली दोन पाय! फिनलंडच्या टाम्पेरे गावात लेम्पी नावाची विणकरीण होती. तिनं त्याच शब्दासाठी अंड्यांऐवजी किटली उबवणारी कोंबडी काढली. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "कोंबडी चुकली, पण ऊब पोचली. पुढच्या खेपेला जमेल." चौथ्या खेपेला जमलं. लेम्पीवर तिचा जीव होता. दोघी विणकर, दोघी एकट्या, दोघींच्या छातीत कापसाची धूळ. सत्तावीस वर्षं पत्रं लिहिली, कधी भेटल्या नाहीत.

अठ्ठावन्न सालापर्यंत बाराशे अकरा कार्डांना लाल दोरा लागला होता. बिनदोऱ्याचं एकच कार्ड राहिलं होतं. पायरीच्या दगडाचं.

आमच्याकडे घरांची दारं थेट फुटपाथवर उघडायची, मध्ये एक दगडी पायरी. शुक्रवारी सकाळी प्रत्येक घरची बाई दुमडलेलं पोतं गुडघ्यांखाली घेऊन बसायची, पायरी धुवायची, आणि ओली असतानाच तिच्या कडेवर एक दगड घासायची. साबणाच्या वडीएवढा, पांढरा नाहीतर सायीच्या रंगाचा. भंगारवाला चिंध्यांच्या बदल्यात देऊन जायचा. पायरी वाळली की कड अशी उजळून उठायची, की धुरानं काळी पडलेली अख्खी गल्ली दोन्ही बाजूंनी आखून काढल्यासारखी दिसे. जिची पायरी शुक्रवारी उजळली नाही, तिच्या घरी एकतर मरण असेल नाहीतर अब्रू गेली असेल. संध्याकाळपर्यंत सगळे तिच्यावरून चालून जात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा.

त्या दगडावर गाढवाचा छाप असायचा, म्हणून आम्ही त्याला गाढव-दगड म्हणायचो. माडीवर कुणीतरी तसाच्या तसा शब्द करून पाठवला. हेरिटकडून गाढवाच्या थडग्याचं चित्र आलं आणि सोबत दुखवट्याचं पत्र. मग मावशीनं 'उंबरठ्याचा दगड' केलं, तर सगळ्यांनी नुसती पायरीच काढली. 'उंबरा घासणी' केलं, तर काथ्याचं पायपुसणं आलं. 'उंबऱ्याचा खडू' केलं, तेव्हा ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या एका शिक्षिकेनं दारावर खडूनं लिहिलेली अक्षरं काढून पाठवली. त्यांच्याकडे नव्या वर्षात घराला आशीर्वाद म्हणून तसं लिहितात म्हणे. नऊ वर्षं हे चाललं होतं.

"सोड ना तो दगड," मी म्हणायचो.

"माझी आई त्या पायरीवर गुडघे टेकून म्हातारी झाली," ती म्हणायची. "चिमटा घेऊ, किटली घेऊ, आणि तिला बाहेर ठेवू? पायरी नाही तर घरात शिरायचं कुठून?"

त्याच वर्षी लंडनच्या एका कोशमंडळाचं पत्र आलं. नवशिक्यांसाठी घरगुती शब्दांचं छोटं पुस्तक काढायचंय, तुमच्या यादीबद्दल ऐकून आहोत. मंडळाचे चिटणीस मिस्टर अनथँक स्वतः येऊन खोकी बघून गेले. हात धुतलेले, नखं कापलेली. लाल दोरे बघून म्हणाले, "वा, किती मौजेचं!" माझं डोकं तिथेच सटकलं. पण मावशीनं ओठ हलवले, आवाज न करता: गप बस. मी गप बसलो. अनथँकनी मुदत दिली, मे अखेर. यादी आली नाही, तर दक्षिणेतल्या एका मास्तरांची तयार आहे, ती छापू. ती यादी मी नंतर पाहिली. तीत टेनिसची रॅकेट होती आणि साखर उचलायचा चांदीचा चिमटा होता.

मावशीचं म्हणणं एकच. "दगड पास झाला की देते."

एप्रिल गेला. लेम्पीचं उत्तर आलं, त्यात पुन्हा पायपुसणं. मावशीची छाती तोवर इतकी बिघडली होती, की माडीचा जिना ती तीन ठिकाणी थांबून चढायची. मला दिसत होतं काय होणार ते. चाळीस वर्षं माग चालवलेल्या बाईचे बाराशे शब्द खोक्यांत राहणार आणि जग चांदीच्या चिमट्यानं साखर उचलायला शिकणार. नऊ वर्षांत जे झालं नाही ते तीन आठवड्यांत व्हायचं नव्हतं. मग मी जे केलं ते केलं.

मनुएल नावाचा एक पोर्तुगीज मी जन्माला घातला. डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. आपण नवे मित्र आहोत, तुमचा शब्द एस्पेरांतोच्या मासिकात वाचला, हे घ्या चित्र. चित्रही डाव्याच हातानं. गुडघ्यांवर बसलेली बाई, बादली, हातात वडीसारखा दगड, पायरीची उजळलेली कड. लिव्हरपूलहून पोर्तोला जाणाऱ्या बोटीवर आमच्याच विचारांचा एक स्वैपाकी होता. त्यानं पाकीट तिथल्या तिकिटासह टपालात टाकलं. मेच्या बावीस तारखेला ते मावशीच्या दारात येऊन पडलं.

त्या गुरुवारी तिनं ते माडीवर सगळ्यांसमोर उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बेसीनं आल्याचा केक कापला. कुणीतरी लाल दोरा आणून ठेवला. मावशी चित्राकडे बघत राहिली. दोरा हातात घेतला, बोटाला गुंडाळला. मग मान वर करून माडीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज नाही. मागांच्या खडखडाटात बोलायची तशी, अगदी सावकाश.

"हा मनुएल आपल्या गल्लीत कधी राहायला होता?"

मला कळेना. मग मी मनातल्या मनात माझं चित्र बघितलं आणि पायरीखालच्या फुटपाथपाशी अडकलो. टेंटर गल्लीतल्या बायका पायरी झाली की उरलेल्या दगडानं खाली फुटपाथच्या फरशीवर एक अर्धचंद्र काढायच्या. आमच्याच गल्लीत. पलीकडच्या लूम गल्लीतसुद्धा नाही. तिथल्या बायका त्याला 'टेंटरचा माज' म्हणायच्या. मावशीच्या पत्रात त्याचा उल्लेख कधीच नव्हता. माझ्या हातानं तो आपोआप काढला होता. आईला प्रत्येक शुक्रवारी बघितलेलं, हात कसा विसरेल?

बाकी कुणालाच काही समजलं नव्हतं. केक फिरत होता. मावशीनं दोरा बोटावरून सोडला, चित्राची घडी करून पाकिटात घातली आणि बटणांचा डबा माझ्याकडे सरकवला.

"का गं? बोलला कुठे तो?" बेसीनं विचारलं.

"बोलला," मावशी म्हणाली. "सबंध पानभर इंग्रजी बोलला."

मी कोटाचं बटण तोडलं आणि डब्यात टाकलं. त्या कोटाचं ते शेवटचं.

जिन्यात मात्र मी तिला गाठलं. "छापून तर आलं असतं ना?"

"काय आलं असतं?"

"तुझे बाराशे शब्द!"

"बाराशे खरे आणि एक खोटा. मग कुठला खोटा, ते वाचणाऱ्यानं कसं ओळखायचं, नेड? त्याला सगळेच तसे वाटणार."

घरी जाऊन तिनं अनथँकना पत्र लिहिलं. बाराशे अकरा शब्द पास आहेत, एक नापास आहे. नापास झालेलाही छापा. पायरीच्या दगडापुढे लिहा, की शब्द अजून सापडलेला नाही, वाचणाऱ्यांनी शोधावा. उत्तर चार दिवसांत आलं. कोशात भोकं छापत नाहीत. मावशीनं पोस्टकार्डावर कळवलं, मग माझी यादीही छापू नका.

टेनिसची रॅकेट छापून आली.

मी तिच्यावर इतका चिडलो, की पुढचं वर्षभर माडी चढलो नाही. माझी चूक होती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच जास्त चिडलो. तिच्या गल्लीतून बस जायची तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बघायचो. माझ्या आईनं मरताना सांगितलं होतं, डोरकसकडे लक्ष दे. तिचंही ऐकलं नाही. अभिमानाला डोळे नसतात म्हणतात. माझ्या मते मानसुद्धा नसते, वळतच नाही.

मग एकोणसाठच्या जुलैमधला एक शुक्रवार. माझी सकाळची पाळी संपली होती, डेपोतून चालत घरी निघालो होतो. टेंटर गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाय थांबले. दोन्ही बाजूंच्या कडा उजळल्या होत्या आणि मधोमध एक दात पडल्यासारखी सतरा नंबरची पायरी काळी. दार उघडं. आत खुर्चीवर मावशी बसलेली, श्वास शिट्टीसारखा. बाजूला बादली, पोतं आणि दगड. तिनं तयारी केली होती. गुडघ्यांवर बसता आलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. बोलायला हवा कुठे होती! मी टोपी काढली, पोतं पायरीसमोर टाकलं आणि अंगावरच्या गणवेशासकट गुडघे टेकले.

आमच्याकडे पुरुष पायरीला हात लावत नसे. बेकार पुरुषही नाही. पाच मिनिटांत दारोदार बायका उभ्या राहिल्या.

"अगं बाई! नेड, बसवाल्यांचा संप आहे का आज?"

"काही हरवलंय का रे? बटणं शोधतोयस?"

"जोर लाव, जोर! सभेत टेबल बडवतोस तेव्हा बरा असतो जोर!"

"जरा आमच्याकडेही ये हो, एकोणीस नंबर!"

मी लालबुंद. पण उठलो नाही. आतून मावशीचा तुटक आवाज आला, "सुकू देऊ नकोस. ओली असतानाच. कडेनं. एका दमात, मागे-पुढे नाही." एका दमात रेघ ओढताना दगड हातातल्या हातात झिजतो, त्याची ओली भुकटी बोटांच्या बेचक्यांत जाते. पावसानंतर चुन्याच्या भिंतीला येतो तसा वास. गुडघ्यांच्या वाट्या फरशीवर टेकून कळ मस्तकात जाते. पस्तीस वर्षं मी ही पायरी बघितली होती आणि तिचं चित्रही काढलं होतं. माहीत काहीच नव्हतं.

कड झाली. मी आत बघितलं. ती ओठांनी म्हणाली: अर्धचंद्र. तोही काढला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, लूम गल्लीतून बघायला आलेल्या दोघी सोडून.

मग मी हात न धुताच तिच्याजवळ स्टुलावर बसलो. "मावशी, आपण नऊ वर्षं चुकीचं विचारत होतो. कुठला दगड, कशाचा दगड! तो कुठला आहे याला महत्त्वच नाही. तो शुक्रवारचा आहे."

तिनं माझ्या पांढऱ्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "कार्ड आण."

वेन्द्रेदो म्हणजे त्या भाषेत शुक्रवार, आणि श्तोनो म्हणजे दगड. वेन्द्रेदश्तोनो. पत्रातली वाक्यं ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. वस्तूचं वर्णन कमी, करण्याचं जास्त. दर शुक्रवारी सकाळी बाई दारासमोर गुडघे टेकते. पायरी धुते. पायरी ओली असते तोवर हा दगड तिच्या कडेवर घासते. दगड झिजत जातो, कड उजळत जाते. संध्याकाळपर्यंत घरची माणसं त्यावरून चालतात आणि काही उरत नाही. पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा बसते.

पत्र लेम्पीला गेलं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी दर शुक्रवारी पायरी करत राहिलो. आधी हसणाऱ्या बायका मग चुका काढायला लागल्या, म्हणजे मला बिरादरीत घेतलं होतं. मावशीची छाती बरी होणार नाही, हे डॉक्टर बोलला होता. ती एकच विचारायची, "टपाल?"

ऑक्टोबरात पाकीट आलं. तिनं ते माझ्यापुढे धरलं, "तू उघड. मला आता धीर नाही."

चित्रातलं घर लाकडी होतं. दाराला तीन लाकडी पायऱ्या, बाजूला बर्चचं झाड, कोपऱ्यात सरपणाची रास. आमच्या गल्लीशी काडीचं साम्य नाही. माझं मन खचलं. पण खालच्या पायरीसमोर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई गुडघ्यांवर वाकली होती, गुडघ्यांखाली काहीतरी दुमडलेलं. मुठीत छोटी वडी. पायरीच्या कडेवर उजळ रेघ, अर्ध्यापर्यंतच आलेली, आणि रेघेच्या पुढची पायरी पेन्सिल आडवी घासून ओली दाखवलेली. खाली लेम्पीनं लिहिलं होतं: आमच्याकडे असा दगड नाही. पण हे काढताना माझे गुडघे दुखले.

मावशीनं ते वाक्य दोनदा वाचून घेतलं.

"पायरी चुकली," मी म्हटलं.

"पायरी तिची आहे, नेड. तिचीच असायला हवी. दगड आपला आहे." मग हात पुढे केला. "दोरा."

तिनं भोकातून दोरा ओवला, गाठ विणकरणीचीच पडली.

मावशी एकसष्टच्या मार्चमध्ये गेली. शुक्रवार नव्हता, उगाच जुळवून सांगणार नाही, मंगळवार होता. तरी त्या दिवशी अख्ख्या टेंटर गल्लीच्या बायकांनी मंगळवारी पायऱ्या केल्या. तिच्या दाराची मी केली. सहा वर्षांनी नगरपालिकेनं गल्ली पाडली. घरं ओली होती, अंधारी होती, पाडायलाच हवी होती. पाडा म्हणून सभांत मीच ओरडलो होतो. पायऱ्यांचं काय करणार, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. त्या ट्रकमधून कुठेतरी भर घालायला गेल्या. मी आता पाचव्या मजल्यावर राहतो. गरम पाणी आहे, नळ आहे, लिफ्ट आहे. दाराबाहेर सिमेंटचा सपाट बोळ. पायरी नाही.

ते दगड आता कुणी विकत नाही. आमच्या नातवंडांना त्याचं इंग्रजी नावसुद्धा माहीत नाही. बाराशे बारा कार्डं माझ्या कपाटात आहेत, छापलेली नाहीत, आणि अनथँकांच्या पुस्तकाबद्दलचा माझा राग अजून ताजा आहे. तो जाऊ नये म्हणून मी त्याची काळजी घेतो. पण कधी शुक्रवारी सकाळी उगाच लवकर जाग येते. हात चादरीच्या कडेवरून फिरतो. एका दमात, मागे-पुढे नाही.

तेव्हा आता तुम्ही. इथवर वाचताना तुम्ही मान डोलावली असेल, ती मला चालणार नाही. पुस्तक बाजूला ठेवा, पेन्सिल घ्या आणि तो दगड काढा. ती बाई, ती ओली पायरी, ती अर्ध्यापर्यंत आलेली रेघ. चित्र घरातल्या कुणापुढे तरी धरा आणि एक अक्षर न बोलता विचारा, ही बाई काय करते आहे? पायरी तुमच्या दाराची आली तर येऊ द्या. पण माझ्या अर्धचंद्रासारखं, तुमच्या दारात तुम्ही रोज जे काढता तेच जर हातानं आपोआप काढलं असेल, तर प्रामाणिकपणे सदऱ्याचं एक बटण तोडा, डब्यात टाका, आणि पुन्हा पहिल्यापासून काढा.